थोरलीला ऐकू येतं

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरनी आज सगळ्यांना एकेक वही वाटली. म्हणाले, आगमनकाळ सुरू झाला, नाताळला चार आठवडे उरले, बाजारात जायच्या आधी जरा थांबा. रोज पंधरा मिनिटं गप्प बसायचं, देव काय बोलतो ते ऐकायचं आणि जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं. वही कुणी बघणार नाही. पण रविवारी ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सांगावं.

मी म्हटलं, "फादर, मी चौथी नापास." ते म्हणाले, "आजी, देव शाळा विचारत नाही." मी म्हटलं, "देव नाही विचारत, पण वही विचारते ना." हसले आणि वही हातात कोंबलीच. फुकट मिळालेली वस्तू मी नको म्हणत नाही.

थोरलीनंही घेतली. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. दोघींचे नवरे गेले, दोघींची पोरं आपापल्या संसारात, आणि आम्ही दोघी चौथ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत. सहा वर्षांपूर्वी तिचे दोन्ही कान गेले. दाराशी बँड वाजला तरी तिला पत्ता नसतो. मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडले तरच पोचतं. दुसऱ्या कुणाचं काही पोचत नाही, तिच्या मुलाचंसुद्धा नाही. माझी सून म्हणते, आई, तुमचा आवाज भिंतीला भोक पाडेल.

आता ही बाई देवाचं ऐकणार! येताना सबंध रस्ता मला हसू येत होतं.

आज पंधरा मिनिटं बसले. वरच्यांनी खुर्ची ओढली. खाली कुणीतरी खोकलं. देव नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

कालपासून दुकानात लागले. चार मजली मोठं दुकान, मी जिन्याखालच्या टेबलावर, गिफ्ट बांधायला. दर डिसेंबरला बोलावतात. खोक्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलीत, माझी बोटं डोळे मिटून घडी घालतात. एका खोक्याला चिकटपट्टीचे तीन तुकडे, जास्त लावले तर सुपरवायझर बाई भुवई उडवते. मी दोनात भागवते. घडीवरून नख फिरवायचं, तोंड आत दुमडायचं, रिबीन कात्रीच्या पात्यावरून ओढली की तिचे कुरळे केस होतात.

गाणी मात्र जीव घेतात. स्पीकर बरोबर माझ्या डोक्यावर. अकरा गाणी, संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि सगळ्यांत घंटा. माणसं येतात ती आधीच दमलेली. एक गृहस्थ म्हणाला, "मावशी, आत काय आहे ते बायकोला कळता कामा नये." मी म्हटलं, "तुम्हाला तरी आठवतंय का?" त्याला आठवेना. पिशवीत डोकावून बघितलं त्यानं.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत कागदाच्या रोलांमध्ये जाऊन बसले. डोळे मिटले. भिंतीतून घंटा. देव बोलत असेल तर त्याला माइक लागेल.

घरी आले तर थोरली गॅलरीत, अंगावर शाल नाही, डोळे मिटलेले, ओठ निळे. गप्प बसणं चाललं होतं बाईचं. मी कानाशी जाऊन ओरडले, "अहो जाऊबाई! बाहेर काय शोधताय? आत या! आत ऊब आहे!" डोळे उघडून माझ्याकडे बघतच राहिली. मग आली मुकाट्यानं. शेजारच्या गॅलरीतला माणूसही आत गेला.

६ डिसेंबर, शनिवार

नात येऊन गेली. नाताळला काय काय हवं त्याची यादी घेऊन आली होती, चौदा वस्तू, दुकानांच्या नावांसकट. मी म्हटलं, यादी आहे की घर लावायला निघालीस? तर रुसून थोरलीशेजारी जाऊन बसली. अर्धा तास दोघी हातात हात घालून, एक शब्द नाही. जाताना मला म्हणते, "आजी, मोठ्या आजीजवळ किती शांत वाटतं!"

माझ्याजवळ काय, बाजार भरतो?

पंधरा मिनिटं बसलेच नाही. रागावलेल्या माणसाशी देवही बोलत नसेल.

७ डिसेंबर, रविवार

आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती लावतात, फादरनी आज दुसरी लावली आणि विचारलं, "कुणाला काही ऐकू आलं?" सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मीही. आणि माझ्या शेजारची थोरली उठली. फादरच्या ओठांवरून तिला विचारलेलं कळलं असावं.

म्हणाली, "मला ऐकू आलं. म्हणाला, बाहेर काय शोधतेस, आत ये. आत ऊब आहे."

एवढं बोलून बसली. पुढच्या बाकावरच्या दोघींनी रुमाल काढले. फादर म्हणाले, "बघा, जिला जगाचं ऐकू येत नाही, तिला!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझे कान बघा! खाली कुणी कुलूप उघडलं तर चावी कुठली ते सांगेन. आठवडाभर मी रोलांमध्ये अंग कोंबून बसतेय, मला एक अक्षर नाही. आणि जिला दाराची बेल येत नाही तिला घरबसल्या ऊब! बरं, हेच मी कोकलून सांगते तेव्हा ही बया नुसती बघत राहते. देवानं एकदा सांगितलं तर भर सभेत उभी.

बाहेर पडल्यावर सगळ्या बायका तिचा हात हातात घ्यायला. मला कुणी विचारलं का? एकीनं विचारलं. म्हणाली, "तुम्ही त्यांच्याबरोबर राहता ना? भाग्यवान हो."

१० डिसेंबर, बुधवार

देवाचं माझ्याशी काही वाकडं आहे का? मी काय कमी राबले? सासू मी उठवली-बसवली, थोरली तेव्हा ऑफिसात खुर्चीवर बसून टाइप करत होती. ती दहावी पास. देवालाही शिकलेलीच लागते म्हणायची.

संध्याकाळी चहा घेऊन गेले तर हिच्या दोन्ही हातांत दिरांची जुनी छत्री. तीन काड्या मोडलेल्या, कापड विरलेलं, रोज पुसून ठेवते. कप धरून मी उभी, हात भाजतोय, तिचं लक्ष नाही. ओरडले, "टाका की हो ते! कशाला ओझं सांभाळताय? हात मोकळे करा आधी!" दचकली. छत्री खाली ठेवली, कप घेतला. डोळ्यांत पाणी. चहा कडक झाला असेल.

१४ डिसेंबर, रविवार

परत उठली!

मी तिचा पदर धरला होता, तरी उठली. म्हणाली, "या आठवड्यात मला सांगितलं, ओझं टाक, कशाला सांभाळतेस? हात मोकळे कर. मला तुला काही द्यायचंय."

आता चर्चमध्ये रुमाल पुरेनात. फादरनी चष्मा काढून पुसला आणि जाहीर केलं की नाताळच्या सकाळी थोरली पुढं येऊन सगळ्यांसमोर बोलेल. वेदीजवळ. जिथं लग्नाचा दिवस सोडून मी कधी उभी राहिले नाही.

आणि कळस म्हणजे घरी आल्यावर बाईंनी ती छत्री उचलली, खाली जाऊन टाकून आल्या. वर्षभर मी बोंबलतेय तेव्हा ढिम्म हलली नाही. देवाचं मात्र आठवड्याच्या आत ऐकलं.

मला काही ऐकू आलं नाही. लिहून लिहून कंटाळा आला हेच.

१६ डिसेंबर, मंगळवार

थोरलीचा मुलगा दुकानात आला. लांबच्या गावी नोकरी, कामासाठी एका दिवसापुरता आला होता. घरी गेला नाही, सरळ माझ्या टेबलाशी. खिशातून एक छोटी डबी काढली. आत दोन शेंगदाण्यांएवढी मशीनं, दोन कानांची.

"काकू, आईच्या कानाचं माप घेतलं होतं ना मागे? डॉक्टरांनी सगळं त्याप्रमाणे लावून दिलंय. नुसतं कानात बसवायचं आणि हे बटण. तिला सांगू नका. छान बांधून नाताळच्या सकाळी द्या. मला सुट्टी नाही."

"ऐकू येईल यानं?"

"सगळं! पंख्याचा आवाजसुद्धा. आता तुम्हालाही घसा फोडायला नको."

मी म्हटलं, "माझा घसा चांगला आहे."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. गालाला हात लावून गेला, गुणी आहे. डबी माझ्या एप्रनच्या खिशात. दिवसभर ती मला टोचत होती, वजन म्हणाल तर फुलाएवढं.

म्हणजे आता देवाचंही येणार आणि जगाचंही येणार. नाताळच्या सकाळी कानात मशीन घालून वेदीजवळ उभी राहील आणि फादर म्हणतील, चमत्कार! मुलाचा फोन येईल, ती स्वतः बोलेल. नात येईल, तिच्याशी गप्पा मारील. सगळे येतील. आणि मी? मी चहा करीन.

१७ डिसेंबर, बुधवार

जे केलं ते लिहिते. वही कुणी बघणार नाही असं फादर म्हणालेत.

सुपरवायझर बाईनं दर्शनी शोकेससाठी चाळीस खोकी बांधायला दिली. आत काही नाही, वरून सोनेरी कागद आणि लाल रिबीन. रस्त्यावरच्या माणसांना भरलेली वाटावीत एवढंच. मी एकोणचाळीस रिकामी बांधली. चाळिसाव्यात थोरलीची डबी ठेवली, चहूबाजूंनी कागदाचे बोळे कोंबले आणि बाकीच्यांत ठेवून दिलं. डाव्या कोपऱ्यात, खाली.

घरी ठेवलं असतं तर थोरलीनं झाडताना काढलं असतं. शोकेसला जानेवारीपर्यंत कुणी हात लावत नाही. मी काही चोरलेलं नाही. देणार आहे. नाताळ होऊन जाऊ दे, मग देईन. पुतण्याला सांगीन, गर्दीत कुठं राहून गेलं होतं. एवढा एक नाताळ ती बहिरी राहिली तर काय बिघडलं?

पंधरा मिनिटं बसले नाही. आज तो बोललाच असता तर काय घ्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार

रविवारी चौथी मेणबत्ती. मी ठरवलं, आपणही उठायचं आणि काहीतरी ठोकून द्यायचं. पण देव कसा बोलतो, हे माहीत नको का? म्हणून थोरली आंघोळीला गेली तेव्हा तिची वही काढली. टपोरं अक्षर आहे, मला वाचता येतं. जसं होतं तसं उतरवते.

"२ डिसेंबर. फादर म्हणतात ऐका. मला तर कुणाचंच ऐकू येत नाही. गॅलरीत बसले, नुसतं मुकं. मग धाकटी आली आणि कानाशी किंचाळली, बाहेर काय शोधताय, आत या, आत ऊब आहे. मनात आलं, देवाला मला काही सांगायचं झालं तर तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगणार? माझ्यापर्यंत पोचतो तो हा एवढा एकच आवाज. कर्कश आहे, पण पोचतो."

दहा तारखेलाही तसंच. छत्री, चहा, हात मोकळे करा. आणि खाली, "फादरना खरं सांगावं का, की ही आमची धाकटी? नको. तिला कळलं तर लाजेल, आणि मग ओरडायची बंद होईल. मग मी काय ऐकू?"

न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला, वही जागेवर ठेवली.

कर्कश!

आणि ते माझे शब्द! घसा मी फोडायचा, चहा मी करायचा, हात माझा भाजायचा, आणि रुमाल कुणासाठी निघाले? त्याच्यासाठी! दोन आठवडे मी थोरलीवर जळले, ते फुकट. जळायचं होतं तर त्याच्यावर. तो वर बसून गप्प आणि बोलल्याचं श्रेय त्याला.

नंतर बसून राहिले. चहा करायचं सुचेना. ती बाहेर आली, केस पुसत माझ्याकडे बघत उभी राहिली, मी काही ओरडेन म्हणून. मला काही ओरडताच येईना. "काय गं धाकटे, बरं नाही का?" म्हणाली. मी मान हलवली.

उद्या पहिलं काम, ते खोकं.

२० डिसेंबर, शनिवार

शोकेस बदललीय.

रात्रीतून सजावटवाले आले आणि माझ्या चाळीस खोक्यांचा डोंगर रचून गेले. तारेनं एकमेकांना बांधलेला, वर चांदणी. डावा कोपरा कुठला आणि काय कुठला! चाळीसच्या चाळीस एकाच कागदात, एका मापाची, माझ्याच हातची, एकात उणं नाही. हलवून बघावं तर वाजणार नाही. मीच इतकं घट्ट कोंबलंय. तीस वर्षं कारखान्यात तेच शिकले, माल आत हलता कामा नये.

काचेबाहेर उभी राहून बघत होते. एक पोरगी आईला म्हणाली, "सगळ्यांत काय काय असेल गं?" आई म्हणाली, "काही नसतं बाळा, रिकामी असतात."

सुपरवायझर बाईला म्हटलं, शोकेसमधलं एक खोकं नीट बसलेलं नाही, जरा आत जाऊ का? म्हणाली, "मावशी, आता जानेवारीपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

२१ डिसेंबर, रविवार

फादरनी विचारलं, कोण बोलेल? थोरलीनं मला कोपरानं ढोसलं. मी उठले. काय ठोकून द्यायचं ते पाठ केलं होतं, चांगलं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "मला काही ऐकू आलेलं नाही. एकदाही नाही." आणि बसले.

कुणी रुमाल काढला नाही. फादर म्हणाले, "खरं बोललात, आजी." बघा, खरं बोलल्याचं कौतुक मला, आणि माझ्याच शेजारी ती बसलेली, जिचे कान मी काचेत कोंबून ठेवलेत.

२२ डिसेंबर, सोमवार

सुपरवायझर बाईला सांगितलं.

"मावशी, तुम्ही दुकानाच्या शोकेसमध्ये घरचं सामान ठेवलंत?"

"ठेवलं."

"पण का?"

"मत्सरानं."

"काय?"

"जळत होते, बाई. माझ्या जावेवर. तिला ऐकू येऊ नये म्हणून."

तिनं पेन टेबलावर ठेवलं. म्हणाली, "मलापण एक जाऊ आहे." मग म्हणाली, "उद्या सकाळी आठला या. दुकान उघडायच्या आत सापडलं पाहिजे. आणि जेवढी उघडाल तेवढी परत बांधायची, सध्यासारखीच."

२३ डिसेंबर, मंगळवार

आठला शोकेसमध्ये शिरले, चांदणी काढून बाजूला ठेवली. वरून सुरुवात. तार सोडवायची, रिबीन, कागद, झाकण. रिकामं. पुढचं. रिकामं. फाडायचं नाही, नाहीतर परत बांधणार कशानं? म्हणून एकेक घडी नखानं उकलत होते. माझ्या घड्या किती घट्ट असतात ते पहिल्यांदा मला कळलं. दहा वाजता दुकान उघडलं तेव्हा बारा खोकी झाली होती.

काचेबाहेर माणसं थांबायला लागली. म्हातारी बाई सोनेरी खोक्यांत बसून एकामागून एक उघडतेय आणि आत काही नाही! सुपरवायझर बाई रागानं आली, गर्दी बघितली आणि परत गेली. थोड्या वेळानं पाटी घेऊन आली, "कुठल्या खोक्यात आहे खरी भेट? थांबा आणि बघा!" मला म्हणाली, "मावशी, चालू ठेवा. सावकाश." दुकानदाराच्या बुद्धीला हात जोडावेत.

शोकेसमध्ये स्पीकर नाही. जाड काच, मागं दार लावलेलं. गाणी येत नाहीत. बाहेर माणसं हसत होती, बोटं दाखवत होती, एक बाई काहीतरी ओरडून सांगत होती, बहुतेक "ते मधलं, ते मधलं!" नुसती तोंडं उघडत होती आणि मिटत होती. थोरलीला आम्ही सगळे असे दिसतो. सहा वर्षं. मला अर्ध्या तासात कुणीतरी येऊन कानाशी ओरडावं असं वाटायला लागलं.

कुणी आलं नाही. कागदाची खसखस, दुसरं काही नाही. रिकामं. रिकामं. पंधरा मिनिटं काय, चार तास गप्प बसले.

चौतिसाव्यात बोळे निघाले. डबी हाताला लागली. बाहेर टाळ्या वाजवत असावेत, हात हलत होते. मी डबी छातीशी धरली आणि त्यांच्याकडे पाठ केली. ती काही त्यांची भेट नव्हती.

मग दुपारभर चौतीस खोकी परत बांधली. दोन-दोन तुकड्यांत.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

सकाळी थोरलीला डबी दिली. खोकं नाही, कागद नाही, नुसती. पुतण्यानं दाखवलं होतं तसं दोन्ही कानांत बसवलं आणि बटण दाबलं.

"ऐकू येतंय का हो, जाऊबाई!"

ती केवढ्यानं दचकली! दोन्ही हात कानांवर. "अगं, ओरडतेस कशाला?"

मला हळू बोलताच येईना. सवयच मोडलीय. घसा बारीक करून करून म्हटलं, मुलानं पाठवलंय. मग तशाच बारीक आवाजात बाकीचंही सांगितलं. की मी ते लपवलं होतं. नाताळ होईपर्यंत द्यायचं नव्हतं. तुमच्यावर जळत होते. तुमची वहीपण वाचली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही मशीनं कानांतून काढली आणि डबीत ठेवली. मला वाटलं, संपलं. आता ती मुलाकडे जाईल, आणि बरोबरच आहे.

तर मला म्हणाली, "आता परत सांग. ते कोण बोलत होतं मला कळेना. तुझ्या आवाजात सांग."

"काय?"

तिनं उजवा कान पुढं केला.

मग मी ओरडले. "मशीन मी लपवलं होतं! दुकानाच्या शोकेसमध्ये! तुमच्यावर जळत होते मी! तुम्हाला देवाचं ऐकू येतं म्हणून! आणि तुमची वही वाचली!" बोलता बोलता रडूही यायला लागलं, त्यामुळे आवाज आणखी चढला. जिन्यात दार उघडलं. कुणीतरी म्हणालं, "आजी, आम्हाला कळलं हो!"

थोरलीनं मान डोलावली. "पोचलं," म्हणाली, आणि मशीनं परत कानांत घातली. "चल आता, उशीर होतोय. आणि कर्कश म्हटलं ते काही मी खोडणार नाही."

चर्चमध्ये फादरनी तिला पुढं बोलावलं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "फादर, आज मी नाही बोलत. सहा वर्षं तुमचं प्रवचन ऐकलं नाही, आज ऐकू द्या." फादरचा चेहरा लाल झाला. पुष्कळ वेळ बोलले, बिचारे. येताना रस्त्यावर थोरली मला हळूच म्हणाली, "काही चुकलं नाही गं सहा वर्षांत. अजून तिथंच आहेत."

२६ डिसेंबर, शुक्रवार

आगमनकाळ संपला, पण थोरली म्हणाली, बसू या, सवय झालीय. म्हणून आता दुपारी दोघी खुर्च्या शेजारी ओढून बसलो. मी डोळे मिटले. तिला कुठलं गप्प बसवतंय?

"हे काय घरघरतंय?"

"फ्रिज."

"किती दिवस असं वाजतंय?"

"घेतल्यापासून."

"आणि हे टकटक?"

"वरच्यांची लेक, उंच टाचांचे बूट. गप्प बसा."

"आणि हे शूं शूं?"

"माझं नाक. हाड वाकडं आहे. लग्नाच्या आधीपासून."

"अगं बाई," म्हणाली, आणि थोडा वेळ माझं नाक ऐकत बसली. मला अवघडल्यासारखं झालं म्हणून वही उघडून हे लिहायला घेतलं.

फ्रिज थांबला. वरची पोरगी बाहेर गेली. मी म्हटलं, चला, आता तरी शांत.

"आणि हे?" थोरली म्हणाली.

"कुठलं?"

"हे. आत्ताचं."

मी ऐकलं. काही नव्हतं. श्वास धरून ऐकलं, नाकसुद्धा वाजू दिलं नाही. "मला नाही काही येत."

तिनं माझ्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं. "श्शू. बोलू नकोस. अजून चाललंय."

परत हिलाच! कान माझे धडधाकट, तिचे डबीतले, आणि परत हिलाच! पंधरा मिनिटं कधीच होऊन गेलीत. चहा राहिलाय. ती हलत नाही. म्हणून मीही बसलेय, कान टवकारून, आणि हे लिहितानासुद्धा पेन्सिल हळू टेकवतेय, तिचा आवाज नको म्हणून.